इंटरफेरॉनला उशीर झाला तेव्हा

पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी चौदा वर्षांची एक विद्यार्थिनी स्वाईन फ्लूनं गेली. देशातला तो पहिला बळी. पाठोपाठ शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले. धडधाकट तरुण माणसं आठवड्याच्या आत व्हेंटिलेटरवर का जात होती, याचं उत्तर पुढं तुकड्यातुकड्यानं हाती आलं. ते तासांच्या हिशेबात मांडता येतं. त्यासाठी एक काल्पनिक माणूस घेऊ: पस्तिशीचा, कामशेतचा, पुण्याहून घरी निघालेला. तास ढोबळ आहेत, माणसागणिक ते पुढेमागे होतात.

तास ०. लोणावळा लोकल. वडगाव गेलं. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावलेल्या. समोरचा खोकला. त्याच्या थेंबांतले विषाणू याच्या नाकाघशात गेले. कान्हे, मग कामशेत. हा उतरला.

तास १. विषाणू पेशीत शिरला आणि त्याच्या आठ तुकड्यांच्या आरएनएच्या प्रती निघू लागल्या. या आरएनएच्या टोकाला तीन फॉस्फेट उघडे असतात, आपल्या आरएनएचं टोक झाकलेलं असतं. रिग-आय नावाचं प्रथिन नेमका हा फरक हेरतं. (कोंबड्यांकडे हे प्रथिनच नाही, बदकांकडे आहे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूनं कोंबड्यांच्या शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. बदकं मात्र असले अनेक विषाणू अंगावर काढतात. हे एकच कारण नसेल, पण मोठं असावं.)

तास ४. रिग-आयचा निरोप केंद्रकात पोचला की पेशी इंटरफेरॉन सोडते. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना सापडलेला हा पदार्थ विषाणूला स्वतः हातही लावत नाही. तो शेजारच्या पेशीच्या ग्राहीवर बसतो. आत जॅक-१ आणि टायक-२ ही विकरं जागी होतात, स्टॅट-१ आणि स्टॅट-२ या प्रथिनांना फॉस्फेट लावतात. ती जोडी आयआरएफ-९ ला घेऊन केंद्रकात जाते आणि शेकडो जनुकं चालू करते. हा निरोप पोचायला तासभरही लागत नाही. मग विषाणूचा आरएनए कापणारी, त्याची प्रथिनं बनू न देणारी फौज उभी राहते.

उभी राहायला हवी. पण फ्लूचं एनएस-१ प्रथिन रिग-आयचीच मुस्कटदाबी करतं. लागण झालेल्या पेशींपैकी मोजक्याच इंटरफेरॉन सोडू शकतात.

तास ८. पहिल्या पेशींतून नवे विषाणू बाहेर पडू लागले. आपला माणूस जेवून झोपलेला.

तास २४. काहीही त्रास नाही. दुकान उघडलं. इथंच सगळं ठरतं, आणि इथं कुणालाच काही कळत नाही. इंटरफेरॉन आत्तापर्यंत पुरेसं सुटलं असेल, तर गोष्ट चार दिवसांच्या तापावर संपेल. काहींच्या बाबतीत ते सुटतच नाही. फ्लूनं अत्यवस्थ झालेल्या एका लहान फ्रेंच मुलीत आयआरएफ-७ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या, हे २०१५ मध्ये कळलं. काहींचं शरीर स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. २०२० च्या एका अभ्यासात कोविडनं अत्यवस्थ झालेल्या ९८७ जणांपैकी १०१ जणांत ती सापडली, आणि त्यांत ९५ पुरुष होते.

तास ४८. ताप, अंग ठणकतंय. हे दुखणं बरंचसं इंटरफेरॉनचं आणि त्याच्या सोबत्यांचं. हेपटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांना फ्लूच्या विषाणूशिवायच असा फ्लू व्हायचा. टॅमिफ्लूचा खरा उपयोग लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांतच.

तास ७२. निरोगी शरीरात आता ब्रेक लागायला हवेत. ते इंटरफेरॉननं स्वतःच बनवलेले असतात: सॉक्स-१ जॅकला अडवतं, यूएसपी-१८ ग्राहीला चिकटून बसतं आणि पेशी कित्येक दिवस नव्या हाकेला ओ देत नाही. हे नियमन किती मोलाचं, ते ज्यांच्यात इंटरफेरॉन विनाकारण चालूच राहतं त्या मुलांकडे पाहून कळतं. एकार्डी-गूतिएर आजारात कसलीही लागण नसताना मेंदूत कॅल्शियम साचतं.

आपल्या माणसात मात्र विषाणू आधीच फुप्फुसभर पसरलाय आणि इंटरफेरॉन आत्ता कुठं जोरात सुटतंय. पवना धरणाचे दरवाजे वेळेत थोडे न उघडता ऐन पुरात एकदम उघडावेत, तसं. हे उशिराचं इंटरफेरॉन सूज वाढवणाऱ्या मोनोसाइट पेशींना फुप्फुसात बोलावतं. २०१६ मध्ये सार्सच्या विषाणूनं उंदरांत हेच दाखवलं: लवकर दिलेल्या इंटरफेरॉननं उंदीर वाचले, उशिरा सुटलेल्यानं मेले.

तास ९६. दम लागतोय. कामशेतहून तळेगाव, तिथून पुणे. आता वरून इंटरफेरॉन देऊन भागत नाही. कोविडमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत, जिच्यात भारतही होता, रुग्णालयात दाखल झालेल्यांना बीटा इंटरफेरॉननं फायदा झाला नाही. तरी एप्रिल २०२१ च्या लाटेत आपल्याकडे मध्यम आजारासाठी विराफिन या इंटरफेरॉनला तातडीची परवानगी मिळाली. घाई समजण्यासारखी होती, पण माझ्या मते घड्याळ चुकलं होतं. लक्षणं सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत लॅम्डा इंटरफेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं, तेव्हा रुग्णालय गाठणारे जवळपास निम्म्यानं घटले. तो निकाल २०२३ चा.

तास १४४. विषाणू ओसरतोय, माणूस व्हेंटिलेटरवर. फाटलेलं अस्तर भरून काढायला पेशींचं विभाजन व्हायला हवं, आणि लांबलेलं इंटरफेरॉन, लॅम्डासुद्धा, तेच थांबवतं. हे उंदरांत २०२० मध्ये दिसलं. याच टप्प्यावरच्या कोविड रुग्णांना पुढं बॅरिसिटिनिब उपयोगी पडलं. ते जॅकलाच गप्प करतं, म्हणजे चौथ्या तासाला जो निरोप पोचायला हवा होता, त्याचीच तार तोडतं. २००९ च्या ऑगस्टमध्ये हे औषध हाताशी नव्हतं.