शिशाचा साचा: काळी नदीच्या खोऱ्यातील एका घरगुती ओतकामाची पूर्वपीठिका

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, जोयड्याहून उळवीकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेले कुंभारवाडा हे गाव काळी नदीच्या वरच्या खोऱ्यात मोडते. ही नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारपाशी अरबी समुद्रास मिळते. तिच्या वरच्या अंगाला बांबूचे सापळे, गळ आणि पाग, म्हणजे हाताने गोल फेकावयाचे जाळे, तर मुखाशी किनाऱ्यावरून ओढावयाची रापण, अशी मासेमारीची साधने उंचीगणिक बदलत जातात. परंतु सापळे वगळता या सर्वांना एका गोष्टीची गरज सारखीच असते, ती म्हणजे पाण्याखाली बुडवून धरणाऱ्या वजनाची. हे वजन आणि ते ज्यात ओतले जाते तो साचा यांची नोंद ग्रंथांतून जवळजवळ होत नाही, कारण जी वस्तू विकत घेतली जात नाही आणि जिच्यावर कर बसत नाही ती दप्तरात शिरत नाही. म्हणून तिचा इतिहास शेजारच्या धंद्यांकडून मागून घ्यावा लागतो.

सर्वांत जुने वजन मातीचे होते. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर तांब्याच्या गळांबरोबर भाजलेल्या मातीची, आरपार छिद्र असलेली जाळ्यांची वजने सापडलेली आहेत. असे वजन कुंभाराच्या भट्टीत स्वस्तात होते, पण ते आकाराने मोठे आणि भाराने हलके, त्यामुळे वाहत्या पाण्यात जाळे तळाशी टेकण्याआधीच फुगते. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून अधिक असल्याने तेच काम बोराएवढा मणी करतो.

काळीच्या मुखाशी शिसे फार पूर्वीपासून हाताळले जात होते, याचा पुरावा मात्र मासेमारीत नसून नाण्यांत आहे. चुटुकुलानंद आणि मुळानंद या नावांची शिशाची मोठी नाणी कारवार भागात मिळाली असून नाणेतज्ज्ञ रॅप्सन यांनी १९०८ च्या आपल्या ब्रिटिश म्युझियम सूचीत त्यांची नोंद सातवाहनांच्या मांडलिकांत केली आहे. त्यांच्या एका बाजूस कमानींचा चैत्य आणि दुसऱ्या बाजूस कठड्यातील वृक्ष दिसतो. हिंदुस्थानात तांबे किंवा शिसे नाही आणि तेथील लोक रत्ने व मोती देऊन ते घेतात, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे. राजस्थानातील जावर व आगुचा येथील प्राचीन खाणी पाहता त्याचे पहिले विधान टिकत नाही. तथापि भडोच आणि मुझिरिस या बंदरांत शिसे उतरत असे हे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासग्रंथावरूनही दिसते. नाण्यांच्या साच्यांविषयी सर्वांत तपशीलवार माहिती देणारे बिरबल साहनी हे पेशाने जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक होते, ही गंमत नोंदण्यासारखी आहे. रोहतकजवळील खोकराकोट येथे १९३६ मध्ये त्यांना यौधेयांच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले आणि १९४५ च्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की चकत्यांसारखे साचे एकावर एक रचून, मधोमध ठेवलेल्या एकाच वाटेने धातू ओतून, अनेक नाणी एका दमात काढली जात. जाळ्याच्या मण्यांसाठी आज जे पाच-सहा खळग्यांचे साचे करतात त्यांचे तत्त्व याहून निराळे नाही.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मासेमारी आणि ओतकाम ही दोन्ही टोके एकत्र येता येता राहतात. त्यातील मत्स्यविनोद प्रकरणात गळाने मासे धरण्याची, त्यांना चारा घालण्याची आणि माशांच्या जातींची चर्चा आहे, ज्याकडे सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले. आणि त्याच ग्रंथात मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचे थर चढवून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतण्याची मधूच्छिष्ट पद्धतीही सविस्तर दिली आहे. साचा देवाच्या मूर्तीसाठी आणि गळ राजाच्या करमणुकीसाठी, अशी ही वाटणी आहे. रोज पोटासाठी पाग फेकणाऱ्याला या ग्रंथात जागा नाही.

सामान्य माणसाच्या हाती ओतकाम आले ते बहुधा बंदुकीमुळे. इंग्रज कंपनीच्या मालात बनात, म्हणजे लोकरी कापड, आणि शिसे हे ठरलेले जिन्नस असत, आणि कारवारला तिची वखार सतराव्या शतकात होती. १६६५ मध्ये शिवाजी महाराज कारवारवर आले तेव्हा शहराने दिलेल्या खंडणीत या वखारीचाही वाटा होता. चिमट्यासारख्या दोन पानांच्या साच्यात गोळी ओतणाऱ्यास जाळ्याचा मणी ओतण्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागत नाही, केवळ दोरी जाण्यापुरती एक तार मध्ये ठेवावी लागते.

घरगुती साचा करण्याची आजची रीत अशी. लाकडाचा किंवा मेणाचा नमुना अर्ध्यापर्यंत चिकणमातीत बसवितात, कडेला दोन-तीन खळगे करतात आणि वरून प्लास्टर ऑफ पॅरिस ओततात; ते घट्ट झाल्यावर उलटे करून माती काढतात, पृष्ठभागाला साबण किंवा तेल लावतात आणि दुसरा अर्धा भाग ओततात, त्यामुळे खळग्यांत बसणारे उंचवटे आपोआप तयार होऊन दोन्ही पाने पुढे नेमकी जुळतात. नंतर ओतण्याची वाट आणि हवा निघून जाण्याची बारीक चीर कोरतात. कृत्रिम आमिषाच्या बाबतीत गळाची दांडी साच्यातच ठेवून तिच्याभोवती शिशाचे डोके ओतले जाते. साचा कोरडा करण्याला सर्वांत अधिक वेळ द्यावा लागतो, कारण शिसे ३२७ अंशांवर वितळते आणि प्लास्टरमध्ये राहिलेल्या ओलाव्याची त्याच क्षणी वाफ होऊन धातू अंगावर उडतो. मातीचे काम अशा रीतीने संपत नाही. जी माती पूर्वी स्वतः वजन होती तिच्यावर आता वजनाचा साचा घडतो.

काळीच्या खोऱ्यात या साधनांना नवे पाणी मिळाले ते १०१ मीटर उंचीच्या सुपे धरणामुळे. त्याच्या जलाशयात जुने सुपे गाव बुडाले आणि तेथील लोकांचे पुनर्वसन रामनगरात झाले. ज्या पात्रात गुडघाभर पाण्यातून पाग फेकता येत असे तेथे खोल, संथ पाणी आले, आणि तळ गाठण्यासाठी अधिक जड वजन लागू लागले.

दरम्यान शिशाविषयीचे मत जगभर पालटले. ब्रिटनमध्ये हंस पाण्यातील बारीक शिसे गिळून मरत असल्याचे आढळल्यावर १९८७ पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली, आणि डेन्मार्कने २००२ मध्ये त्याहून कडक नियम केले. मासेमाराच्या घरातील धोका पक्ष्यांपेक्षा जवळचा आहे: स्वयंपाकाच्या चुलीवर किंवा भांड्यात वितळविलेल्या शिशाची धूळ व मळी मुलांच्या पोटात जाते, आणि जुन्या बॅटऱ्यांच्या पत्र्यांचे शिसे वापरल्यास आम्ल व इतर विषारी धातूही त्यात येतात. पर्याय म्हणून कथील सुचविले जाते. ते २३२ अंशांवरच वितळते आणि त्याच प्लास्टरच्या साच्यात ओतता येते, मात्र त्याची घनता शिशाच्या दोन-तृतीयांशाहून थोडी कमी असल्याने तेवढ्याच वजनासाठी खळगा दीडपटीहून मोठा कोरावा लागतो, म्हणजे साचा पुन्हा नव्याने करावा लागतो.