महाडचा विंचू आणि खानदेशातली धाप

जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला समुद्राच्या तळाशी मडकी सोडतात. तोंड निमुळतं, पोट गोल, नाव टाकोत्सुबो. हिरोशिमाच्या हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी 1990 साली हेच नाव एका हृदयविकाराला दिलं. शरीराला किंवा मनाला जबर धक्का बसतो, डाव्या कप्प्याचं टोक लुळं पडून फुगतं आणि वरचा भाग मात्र जोरजोरात आवळत राहतो. लक्षणं हार्ट अटॅकची, पण अँजिओग्राफीत त्याला कारणीभूत अडथळा सापडत नाही. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

वाद आहे तो कारणाचा. सातोंचं मत असं, की एकाच वेळी अनेक धमन्यांना पेटके येतात. मला ते पटत नाही, कारण तपासणीत असे पेटके थोड्याच रुग्णांत सापडतात. दुसरा पक्ष म्हणतो, टोकाला वळसा घालणारी एक लांब धमनी क्षणभर तुंबते आणि आपोआप मोकळी होते. पण लुळा भाग पुष्कळदा एका धमनीच्या हद्दीबाहेर पसरलेला असतो, त्याचं काय? तिसरा पक्ष अ‍ॅड्रिनलिनचा. 2005 साली विटस्टीन आणि सहकाऱ्यांनी 19 रुग्णांचा अभ्यास छापला. रक्तातली अ‍ॅड्रिनलिनच्या कुळातली द्रव्यं गंभीर हार्ट अटॅकवाल्यांपेक्षाही कितीतरी जास्त निघाली. शिरेतून अ‍ॅड्रिनलिन दिल्यावर काहींच्या हृदयाने हाच आकार घेतल्याचीही नोंद आहे.

मी या तिसऱ्या पक्षाचा, आणि माझा साक्षीदार महाडचा आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. कोकणातल्या महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावताना त्यांनी पाहिली आणि रुग्णांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपलं. माणूस घामाने निथळतो, ओकतो, हातपाय गार पडतात. मग छातीत पाणी भरतं आणि तोंडाला फेस येतो. विष चेतातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं, त्यामुळे शरीरातल्या अ‍ॅड्रिनलिनचा बांध फुटतो आणि हृदय लुळं पडतं. त्या तडाख्यातून रुग्ण वाचला तर हृदय पुन्हा सावरतं. बावस्करांनी या लाटेला अडवणारं प्राझोसिन हे औषध वापरलं आणि 1986 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, म्हणजे मडक्याचं नाव दिलं जाण्याच्या चार वर्षं आधी. दंश झालेल्यांत लहान पोरंही असत. त्यांच्या कोवळ्या धमन्यांवर कसला आळ घेणार? विंचूदंशात दर वेळी टोकच फुगतं असं नाही, म्हणून ही शाखा सख्खी नव्हे, चुलत म्हणू. पण कूळ एकच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अ‍ॅड्रिनलिनची अशी लाट धापेतूनही उठू शकते. ती पाहायला आता खानदेशात, धुळे-जळगावकडे या. इथल्या खेड्यांत चुलीत पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या जळत आल्या. फुंकणीने जाळ धरताना बाईचं तोंड धुराच्या वाटेतच असतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये ठासून मांडलं, की कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही सीओपीडी हा दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. दुसरीकडे, टाकोत्सुबोच्या 1750 रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद 2015 साली प्रसिद्ध झाली. दहातल्या नऊ बायका, सरासरी वय 67 च्या आसपास. मानसिक धक्का 27.7 टक्क्यांत, शारीरिक धक्का 36 टक्क्यांत. आणि श्वास कोंडणं हा त्यातला ठळक धक्का. ही वर्णनं एकमेकांवर ठेवून पाहा: चुलीपुढे उमर घालवलेली, साठी ओलांडलेली, थंडीत धाप वाढलेली बाई. प्राणवायू कमी पडला की शरीर स्वतःच अ‍ॅड्रिनलिन ओततं, आणि श्वासनळ्या मोकळ्या करायला वाफेतून दिलं जाणारं साल्ब्युटामॉल त्याच्याच नात्यातलं. माझा ठाम अंदाज आहे, की खानदेशात असे पुष्कळ रुग्ण ‘दमा वाढला’ एवढ्या नोंदीखाली निघून जातात.

पण म्हणून कुणी श्वासाचा पंप बंद करू नये. कोंडलेला श्वास हाच मोठा धक्का असतो. छातीतली घरघर ओसरली तरी दम बसत नसेल, छातीत दुखत असेल किंवा ईसीजी बदलला असेल, तर त्याच दिवशी टू-डी इको करून घ्यावा. टोक फुगलेलं दिसलं, तर वाफेची मात्रा आणि हृदयाची औषधं दोन्ही डॉक्टरांना नव्याने जुळवावी लागतात.