वकील असूनहि नसल्यासारखा

१९३१ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेच्या अलाबामा राज्यांत मालगाडीवरून उतरविलेल्या नऊ निग्रो पोरांवर बलात्काराचा आरोप आला. ६ एप्रिलला स्कॉट्सबरो गांवीं खटला उभा राहिला, त्या सकाळपर्यंत त्यांचा वकील कोण हेंच ठरलें नव्हतें. अखेर मुख्यतः जमीनजुमल्याचीं कामें करणारा एक परगांवचा व एक वृद्ध स्थानिक, असे दोन वकील कसेबसे उभे राहिले. आणि चार दिवसांत आठ जणांना देहान्त शिक्षा झाली! पुढील वर्षीं सुप्रीम कोर्टानें ती रद्द केली. नांवापुरता वकील देणें म्हणजे वकील देणें नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

पण वकील आहे, वेळहि आहे, आणि त्यानें हातपाय गाळले, तर? फ्लॉरिडांतील डेव्हिड वॉशिंग्टन यानें १९७६ सालीं तीन खून करून, वकिलाचा सल्ला झुगारून, गुन्हे कबूल केले. वकील हताश झाला. शिक्षेच्या सुनावणींत त्यानें आरोपीच्या स्वभावाविषयीं एकहि साक्षीदार आणला नाहीं, कीं मानसतज्ज्ञाकडून तपासणी करविली नाहीं. १९८४ सालीं न्यायमूर्ति ओकॉनर यांनीं दुहेरी कसोटी घालून दिली: वकिलाचें वर्तन वाजवी मर्यादेच्या खालीं गेलें होतें काय, आणि तसें नसतें तर निकाल निराळा लागण्याचा सबळ संभव होता काय? दोहोंतहि वॉशिंग्टन उतरला नाहीं. त्याच जुलैंत त्याला विजेच्या खुर्चींत बसविण्यांत आलें.

न्यायमूर्ति मार्शल यांनीं भिन्नमत नोंदविलें. जो पुरावा वकिलाच्या हयगयीमुळेंच कोर्टापुढें आला नाहीं, त्याचें वजन त्याच कागदपत्रांवरून करावयाचें कसें? हा आक्षेप खोडून काढणें सोपें नाहीं. शिवाय निष्काळजीपणालाहि मागाहून ‘धोरण’ म्हणतां येतें.

तथापि तीच कसोटी पुढें उपयोगी पडली. मेरीलंडमधील विगिन्सच्या वकिलांनीं दोनतीन कागद चाळून शोध थांबविला होता. दारुड्या आईनें उपाशी ठेवलेला, चुलीवर हात भाजविलेला हा मुलगा शिक्षा ठरविणाऱ्या ज्यूरीला दिसलाच नाहीं. २००३ सालीं ओकॉनर यांनींच त्याची देहान्त शिक्षा रद्द ठरविली. धोरण आखण्यापूर्वीं माहिती काढली होती काय, हा प्रश्न त्यांनीं आधीं विचारला.

दोन वर्षांनीं पेन्सिल्व्हेनियाच्या रॉम्पिला खटल्यांत कोर्ट पांच विरुद्ध चार असें दुभंगलें, पण निकाल आरोपीच्या बाजूनें लागला. सरकारपक्ष त्याच्या जुन्या गुन्ह्याचे कागद वापरणार, हें वकिलांना ठाऊक होतें. तें दप्तर त्यांनीं वेळेवर पाहिलें नाहीं. आणि तें त्याच न्यायालयांत, मागितल्याबरोबर मिळण्यासारखें होतें.