"औषध सापडलं!" ही बातमी आणि शास्त्रज्ञांची घाई

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, "कॅन्सरवर औषध सापडलं!" पुढे ते औषध दुकानात काही येत नाही. मग चर्चा सुरू होते, "कंपन्यांनी दाबलं असणार." बातमीच्या धंद्यातला माणूस म्हणून यामागचा इतिहास सांगतो.

1964 साली अमेरिकेत जेरोम हॉरविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने कॅन्सरसाठी एक रेणू तयार केला. तो चालला नाही. पण कसा बनवला, हे त्यांनी छापून ठेवलं. सतरा वर्षांनी एड्स समोर आला. 1985 मध्ये हाच रेणू एचआयव्हीला अडवतो असं दिसलं आणि 1987 च्या मार्चमध्ये अमेरिकेत एड्सवरचं पहिलं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. तेच एझेडटी. पुढे ए. व्ही. रामाराव यांनी हैदराबादच्या प्रयोगशाळेत ते स्वस्तात बनवण्याची पद्धत काढली आणि मुंबईच्या सिप्लाने ते बाजारात आणलं. हे रामाराव आधी बरीच वर्षं आपल्या पुण्याच्या एनसीएलमध्ये होते.

म्हणजे फसलेला रेणूसुद्धा छापला गेला म्हणून कामाला आला. कपाटात राहिला असता तर?

आता अडचण बघा. शोधनिबंध आला की दुसरे तज्ज्ञ तो तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या होतात. यात महिनोन् महिने जातात. 1959 साली अमेरिकेत आल्फ्रेड बर्गर यांनी औषधी रसायनशास्त्राचं नियतकालिक काढलं, ते अशा सविस्तर निबंधांचं. त्याच वर्षी युरोपात 'टेट्राहेड्रॉन लेटर्स' निघालं. त्यात निबंध छोटा, मुद्दा एक आणि छपाई लवकर. 1991 मध्ये हीच पद्धत औषधांच्या रसायनशास्त्रात आली. 2010 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने 'एसीएस मेडिसिनल केमिस्ट्री लेटर्स' सुरू केलं. तपासणी ठेवायची, पण काम महिन्यांऐवजी आठवड्यांच्या हिशेबात उरकायचं, हा त्यामागचा विचार.

त्याचे पहिले संपादक डेनिस लिओटा. एचआयव्हीवरच्या एमट्रिसिटाबिन या औषधाच्या शोधकांपैकी ते एक. त्यांच्याच औषधाचा हिशेब पाहा. रेणूवरचं काम 1990 च्या सुमाराचं, अमेरिकेत मान्यता मिळाली 2003 साली. तेरा वर्षं!

इथेच खरी गोम आहे. निबंध आठवड्यांत छापता येतो, औषध आठवड्यांत होत नाही. काचेच्या नळीत चाललेला रेणू उंदरात फसतो, उंदरात चाललेला माणसात फसतो. लवकर छापलेला निबंध दुसऱ्या शास्त्रज्ञांसाठी असतो: "आम्हाला एवढं दिसलं, तुम्ही पुढे बघा." तो रुग्णासाठी नसतो. आम्ही पत्रकार मात्र त्यालाच "औषध सापडलं" असा मथळा देतो. दाबादाबी बहुतेक वेळा नसतेच, औषध अजून झालेलंच नसतं.

शास्त्रज्ञांनी घाई जरूर करावी, हॉरविट्झ यांचं उदाहरण समोर आहेच. आपण मात्र वाचताना एक प्रश्न विचारायचा: हे नळीत चाललं, उंदरात की माणसात? उत्तर बातमीत नसेल तर ती पुढे पाठवू नका. कारण ती वाचून कोणाच्या तरी घरात चालू असलेला उपचार थांबू शकतो.