वाईचा कृष्णाबाईचा उत्सव

माघ लागून थंडी ओसरू लागली म्हणजे वाईच्या कृष्णाकाठी मांडव उभे राहतात. आळीमागून आळी कृष्णाबाईची मूर्ती घाटावर बसविते, आणि कीर्तन-प्रवचनांत वसंत कधी आला हे कळतही नाही. या उत्सवाचे मूळ लोक १६५९ सालच्या संकटात सांगतात. विजापूरचा सरदार अफजलखान हा वाईचाच सुभेदार. स्वारीत त्याची छावणीही येथेच पडली होती. शिवाजी महाराजांस यश यावे म्हणून कृष्णामाईस नवस बोलला गेला, अशी आख्यायिका आहे. १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान पडला. आख्यायिका म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शत्रूच्या तळावर राहून त्याच्याच पराभवाची याचना करणाऱ्याने ती कागदावर लिहून ठेविली असती काय?