दुसरी जर्सी

ऊन तापू लागलं की सायकल घेणाऱ्याला प्रश्न पडतात. गिअर किती हवेत? अंगात काय घालावं? फ्रान्समध्ये एकदा अशाच प्रश्नावरून बंड झालं होतं.

जून १९२४. टूर द फ्रान्सचा तिसरा टप्पा, शेरबूर ते ब्रेस्त. टप्पे रात्रीच्या गारठ्यात सुटत. त्यामुळे आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए एकावर एक जर्सी घाली आणि ऊन चढलं की वरची काढून टाकी. पण नियम असा, की निघताना जे अंगावर असेल ते सगळं मुक्कामाला पोचताना हवं. त्या दिवशी एका अधिकाऱ्याने काही न बोलता त्याची जर्सी वर करून आत दुसरी आहे का ते पाहिलं. हा अपमान त्याला सोसला नाही. कुतांस गावी त्याने भाऊ फ्रांसिस आणि मोरिस व्हील यांच्यासह शर्यत सोडली. तिथल्या कॅफेत पत्रकार आल्बेर लोंद्रने त्यांची कैफियत ऐकून छापली.

आयोजक आंरी देग्रांजला गिअर बदलण्याची सोयसुद्धा पसंत नव्हती. चढ आला की स्वाराने उतरून मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं. डिरेलर गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली.

मी सरकारी कारकून, नियमांवरच माझं पोट चालतं. तरी मला वाटतं, ऊन किती लागतंय हे पायडल मारणाऱ्यालाच विचारावं.