रविवार कुणी मिळवून दिला?

आज रविवार. चहाचा कप हातात घेऊन आपण निवांत पुरवणी चाळत असाल. ही निवांत सकाळ मुंबईच्या गिरणी कामगाराला आयती मिळाली नव्हती.

एकेकाळी गिरणीत पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी ठरलेली नसे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. ५,५०० कामगारांचं निवेदन तयार झालं. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन.

सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगार सभेला जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथं बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवार हा खंडोबाचा वार. माझा जुम्मा शुक्रवारी. पण सुट्टी मिळाली ती साऱ्यांनाच. थकलेल्या पाठीला जातधर्म कुठला? १८९३ च्या दंगलीनंतर हेच लोखंडे हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी झटले, याचं मला नवल वाटत नाही.

आमच्या इमारतीचा रखवालदार कंत्राटावर आहे. त्याला विचारलं, ‘‘बाबा, सुट्टी कधी असते?’’ तो म्हणाला, ‘‘खाडा केला की पगार कापतात, साहेब.’’

त्या दिवशी पुरवणी वाचताना माझा चहा गार झाला.